इंग्रजीतल्या छटा आणि शब्दसंग्रहाचा भ्रम

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांची पुस्तकं विकणाऱ्या कुठल्याही दुकानात जा, नॉर्मन लुइसचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ तिथं असतंच. १९४९ साली अमेरिकेत निघालेलं हे पुस्तक आपल्याकडे आजही इतकं खपतं की पदपथावर त्याच्या चोरट्या आवृत्त्या मिळतात. त्याच्या शेजारी जीआरईच्या शब्दयाद्या असतात, ‘वन वर्ड सब्स्टिट्यूशन’च्या पुस्तिका असतात, रोज दहा शब्द पाठ करण्याच्या वह्या असतात. या सगळ्या पसाऱ्याच्या तळाशी एक समज आहे. रोजच्या जगण्यातल्या बारीकसारीक गोष्टी इंग्रजीत नेमक्या सांगायच्या तर अवघड शब्दांचा साठा मोठा हवा. साधे शब्द ढोबळ असतात, नेमकेपणा अवघड शब्दांत असतो. मराठी माध्यमातून आलेली मुलं हा समज शाळेतून घेऊन कॉलेजात जातात आणि तिथून नोकरीत. इंग्रजी बोलताना अडखळलं की त्यांना वाटतं, आपल्याकडे शब्द कमी पडले. मग पुन्हा यादी. हा समज मुळातच चुकीचा आहे असं माझं मत आहे, आणि त्यापायी कष्टाळू मुलांची वर्षं फुकट जातात म्हणून तो खोडून काढायला हवा.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळासह. इंग्रजीत पैसे जपणाऱ्या माणसासाठी थ्रिफ्टी, फ्रुगल, स्टिंजी, मायझर्ली, पार्सिमोनिअस असे कितीतरी शब्द आहेत. थ्रिफ्टी म्हणताना बोलणाऱ्याला कौतुक वाटतं, स्टिंजी म्हणताना राग. ज्याला एकच शब्द येतो तो हा फरक कसा दाखवणार? दुसरा मुद्दा संशोधनाचा. जॉन्सन ओकॉनर या अमेरिकन मानसमापनतज्ज्ञानं हजारो लोकांच्या चाचण्या घेतल्या आणि १९३४ साली ‘अटलांटिक मंथली’त लेख लिहून सांगितलं की मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांचा शब्दसंग्रह इतरांपेक्षा मोठा असतो. तिसरा मुद्दा वाचनाचा: शब्द माहीत नसतील तर चांगली पुस्तकं समजणारच नाहीत, आणि जो वाचू शकत नाही तो लिहिणार काय?

तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. पण तिन्हींमधून जो निष्कर्ष काढला जातो तो त्यांतून निघत नाही.

ओकॉनरपासून सुरुवात करू, कारण हा सगळा व्यवसाय त्यांच्या निष्कर्षावर उभा राहिला. त्यांच्या लेखानंतरच्या दशकात अमेरिकेत शब्दसंग्रह वाढवण्याच्या पुस्तकांची लाट आली. विल्फ्रेड फंक आणि नॉर्मन लुइस यांचं तीस दिवसांत शब्दसंग्रह वाढवण्याचं पुस्तक १९४२ साली आलं. फंक यांचं ‘रीडर्स डायजेस्ट’मधलं सदर १९४५ पासून सुरू झालं आणि आपल्या मागच्या पिढ्यांतल्या कितीतरी घरांनी ते दर महिन्याला सोडवलं. विकला गेला तो मंत्र एकच होता: शब्द वाढवा, माणूस वाढेल. पण ओकॉनर यांना दिसलं होतं ते दोन गोष्टींचं एकत्र असणं. वरच्या हुद्द्यावरची माणसं शिकलेली होती, वाचणारी होती, अनेक प्रकारच्या लोकांत वावरलेली होती. शब्द त्या वावरातून गोळा झाले होते. यादी पाठ करून कुणाच्या हुद्द्यात आणि विचारात फरक पडला, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय त्यांची चाचणी ओळखण्याची होती. दिलेल्या शब्दाचा अर्थ पर्यायांतून निवडता येणं वेगळं आणि तो शब्द बरोबर माणसापाशी, बरोबर वेळी, बरोबर सुरात वापरता येणं वेगळं. पुढचा सगळा घोटाळा या दोन क्षमता एकच मानल्यामुळे झाला आहे.

लुइसच्या पुस्तकातलं पहिलं मोठं प्रकरणच पाहा. माणसांचे प्रकार कसे सांगावेत यासाठी तिथं दहा शब्द दिले आहेत: इगोइस्ट, इगोटिस्ट, अल्ट्रुइस्ट, इंट्रोव्हर्ट, एक्स्ट्रोव्हर्ट, अॅम्बिव्हर्ट, मिसँथ्रोप, मिसॉजिनिस्ट, मिसॉगमिस्ट, असेटिक. ग्रीक-लॅटिन धातूंची ओळख म्हणून ते प्रकरण सुंदर आहे, धातूंवरून शब्द उलगडायला ते खरंच शिकवतं, आणि हे श्रेय त्या पुस्तकाला द्यायलाच हवं. पण हे दहाही शब्द माणसांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या आहेत. शेजारी राहणारा एक गृहस्थ कुणात फारसा मिसळत नाही, पण त्याचं कुणाशी वाकडंही नाही, हे इंग्रजीत सांगायचं आहे. मिसँथ्रोप म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होतो. इंट्रोव्हर्ट म्हटलं तर मानसशास्त्राची पट्टी लागते. इंग्लंडमधली कुणीही बाई सहज म्हणेल, ‘ही कीप्स हिमसेल्फ टु हिमसेल्फ.’ त्यात माणसाचं अंतर राखणं आहे, त्या अंतराबद्दलचा बोलणाऱ्याचा आदर आहे, आणि थोडंसं कुतूहलही आहे. यातला एकही शब्द सातवीतल्या मुलाला नवा नाही. तरी आपल्याकडचा इंग्रजीचा पदवीधर हे वाक्य क्वचितच बोलतो, कारण यादीत त्याला जागाच नसते.

आता पहिल्या मुद्द्याकडे, म्हणजे समानार्थी शब्दांच्या छटांकडे. शब्दकोश किंवा थिसॉरस पाच शब्द एका ओळीत मांडतो तेव्हा असं वाटतं की ही एकाच रंगाची फिकट-गडद रूपं आहेत आणि आपण हवी ती उचलायची. पण शब्दाला अर्थाबरोबर एक गोतावळा असतो. पार्सिमोनिअस हा शब्द आजच्या इंग्रजीत बराचसा संशोधनलेखांत भेटतो: कमीत कमी गृहीतकांवर उभं असलेलं स्पष्टीकरण, कमी चलांचं प्रतिमान. दुकानात सुट्ट्या पैशांसाठी घासाघीस करणाऱ्या काकांना तो लावला की वाक्य व्याकरणात बसतं, अर्थही कोशाप्रमाणे बरोबर असतो, आणि तरीही ऐकणाऱ्याला ते खटकतं. त्या काकांसाठी बोलण्यातलं इंग्रजी ‘केअरफुल विथ मनी’ म्हणेल. बोलणाऱ्याला जरा टोचायचं असेल तर ‘अ बिट टाइट’ म्हणेल. कौतुक आणि टोमणा यांतलं सगळं अंतर केअरफुल आणि टाइट या दोन साध्या शब्दांनी कापलं.

शब्दाच्या गोतावळ्याचा हा विचार नवा नाही, आणि त्याचा एक धागा आपल्या उपखंडातून गेला आहे. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते हा सिद्धांत ज्यांच्या नावानं सांगितला जातो ते जे. आर. फर्थ लंडनला जाण्यापूर्वी १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्याच सुमारास जपानमध्ये हॅरल्ड पामर आणि ए. एस. हॉर्नबी इंग्रजी शिकवत होते. जपानी विद्यार्थ्यांना शब्दांचे अर्थ येतात पण वाक्य बिनसतं, हे रोज पाहून त्यांनी नेहमी एकत्र येणाऱ्या शब्दसमूहांची नोंद करायला घेतली. पामर यांचा त्यावरचा अहवाल १९३३ चा आहे. त्या कामातून हॉर्नबींचा शब्दकोश उभा राहिला. तो युद्ध चालू असताना १९४२ साली जपानमध्ये छापला गेला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डनं काढला. आपण ज्याला ‘अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणतो तो हाच. हा कोश अर्थासोबत शब्द कुठल्या रचनेत बसतो तेही सांगतो. आपल्याकडे तो घरोघर पोचला, पण वापरला गेला फक्त अर्थ पाहण्यापुरता.

पुढे बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांनी खऱ्या लेखनाचा आणि बोलण्याचा प्रचंड साठा संगणकात घातला आणि त्यावरून १९८७ साली ‘कोबिल्ड’ शब्दकोश काढला. त्या साठ्यातून जे दिसलं ते कोणत्याही व्याकरणात लिहिलेलं नव्हतं. ‘सेट इन’ हे साधं क्रियापद घ्या. कोशातला अर्थ ‘सुरू होणं, मुक्काम ठोकणं’. पण इंग्रजीत ‘सेट इन’ होतं ते बहुतेक नकोसं काही: कुजणं, हताशा, कडाक्याची थंडी. तसंच ‘कॉज’. त्याच्यापुढे नुकसान, त्रास, अपघात, चिंता अशीच मंडळी येतात. ‘हर अरायव्हल कॉज्ड हॅपीनेस’ हे वाक्य म्हणूनच कानाला बोचतं, जरी त्यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे. ही सावली यादीतून शिकता येत नाही. तो शब्द पुन्हापुन्हा त्याच्या माणसांत पाहिल्यावरच ती कळते.

सावली न कळता शब्द उचलले की काय होतं, याचा एक जुना दाखला आहे आणि तो सांगताना मला त्रास होतो. १८७३ साली कलकत्त्यात हायकोर्टाचे न्यायाधीश अनुकूलचंद्र मुखर्जी यांचं इंग्रजी चरित्र त्यांच्या एका नातलगानं प्रसिद्ध केलं. लिहिणारा मनापासून लिहीत होता. आपल्या घरातल्या कर्तबगार पुरुषाला साजेसं इंग्रजी हवं म्हणून त्यानं कोशातले भारदस्त शब्द आणि वाक्प्रचार एकत्र आणले. इंग्लंडमध्ये ते पुस्तक ‘बाबू इंग्लिश’चा नमुना म्हणून वर्षानुवर्षं हसण्यावारी नेलं गेलं. ती चेष्टा राज्यकर्त्यांच्या उर्मटपणाची होती आणि तिचा निषेधच करायला हवा. परक्या भाषेत दुःख मांडणाऱ्या माणसावर हसणाऱ्यांपैकी कितीजण बंगालीत एक पत्र लिहू शकले असते? पण त्या लेखकाला फसवलं ते आजच्याच समजानं. भावना जितकी खोल तितका शब्द अवघड हवा, असं त्याला शिकवलं गेलं होतं. शोकाच्या परिच्छेदात ते शब्द एकमेकांना अनोळखी होते आणि दुःख मागे पडलं.

मग छटा असते कुठे? एक वाक्य जवळून पाहू. ऑफिसात वरिष्ठांनी शुक्रवारपर्यंत काम मागितलं आहे आणि ते जमेलसं वाटत नाही. यादीवर वाढलेला आपला तरुण लिहितो, ‘द स्टिप्युलेटेड टाइमलाइन अपिअर्स एक्सीडिंगली ऑनरस.’ त्याच्या शेजारच्या टेबलावर, बारा वर्षं याच कामात घालवलेली सहकारी लिहिते, ‘फ्रायडे माइट बी अ बिट टाइट.’ दुसऱ्या वाक्यातला एकेक शब्द काढून पाहा. ‘माइट बी’ काढून ‘इज’ घातलं तर ठाम नकार होतो, बोलणं संपतं. ‘अ बिट’ काढलं तर तक्रारीचा सूर लागतो. ‘टाइट’च्या जागी ‘इम्पॉसिबल’ आलं तर साहेबांची चूक काढल्यासारखं होतं. हे सगळं तोलून तिनं काय साधलं? ‘जमणार नाही’ हा शब्द न उच्चारता ती तेच बोलली, साहेबांना तारीख पुढे ढकलायला सन्मानानं जागा दिली, आणि उद्या काम झालंच तर स्वतःलाही खोटं पडू दिलं नाही. पहिल्या पत्रातल्या ‘ऑनरस’मध्ये यातलं काहीच नाही. त्यात फक्त भार आहे, तोही करारपत्राच्या भाषेतला.

घरातल्या बोलण्याचंही तेच. काही गोष्ट आपल्यापासून लपवली गेली आणि नंतर कळली. ‘यू शुड हॅव टोल्ड मी’ म्हटलं की समोरच्याला सरळ दोष लागतो. ‘यू कुड हॅव टोल्ड मी’ हे सुरावर आहे. त्यात ‘मला सांगायला काय हरकत होती’ ही तक्रार असू शकते किंवा ‘माझ्यापाशी मन मोकळं करता आलं असतं’ ही मायाही. ‘यू माइट हॅव टोल्ड मी’ हे ब्रिटिश बोलण्यात दुखावलेल्या माणसाचं वाक्य आहे, आपल्या ‘निदान सांगायचं तरी होतंस’च्या अगदी जवळचं. शुड, कुड, माइट. आठवीच्या व्याकरणात हे तीन शब्द कर्तव्य, क्षमता आणि शक्यता या तीन चौकटींत भरले जातात आणि धडा संपतो. त्यांच्यावर माणसांची नाती कशी तोलली जातात हे कुणी सांगत नाही, कारण परीक्षेला ते येत नाही.

मराठी माणसाला हे पटायला तर अजिबात अवघड जाऊ नये. ‘पैसे दिले’, ‘पैसे देऊन टाकले’, ‘पैसे देऊन ठेवले’, ‘पैसे देऊन बसला’. देणं चारही वाक्यांत तेच. पण ‘टाकले’त कटकट मिटल्याचा सुस्कारा आहे, ‘ठेवले’त पुढची तरतूद आहे आणि ‘बसला’त देणाऱ्याच्या भोळेपणाची हळहळ. किंवा ‘तो आला’पुढे एकेक बारीक शब्द लावून पाहा: आलाच, आलाही, आला तर, आला म्हणे, आला बरं का. प्रत्येक वेळी बोलणाऱ्याचा चेहरा बदलतो. आपल्या आज्या-पणज्या या साधनांवर अख्खं घर सांभाळत होत्या. छटा हवी म्हणून त्यांनी संस्कृत समासांची यादी कधी पाठ केली नाही, आणि जडजंबाल संस्कृत शब्द वापरणारा माणूस मराठीत नेमकं बोलतो असं आपण कधी म्हणत नाही. मग इंग्रजीबद्दलच आपली समजूत उलटी का व्हावी?

एक साम्य तर फार मोलाचं आहे. कुणाकडे काही मागायचं असलं की आपण म्हणतो, ‘जरा विचारायचं होतं’, ‘तुमच्याकडे एक काम होतं’. विचारायचं आत्ता आहे, काम आत्ताचंच आहे, तरी क्रियापद भूतकाळात ठेवलं की मागणी एक पाऊल मागे सरते आणि समोरच्याला ‘नाही’ म्हणायला संकोच वाटत नाही. इंग्रजी नेमकं हेच करतं: ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड...’, ‘आय वॉन्टेड टु आस्क...’. दोन भाषा, हजारो मैलांचं अंतर आणि अदबीची युक्ती एकच. मराठी मुलाला हे एकदा दाखवून दिलं तर तो जन्मभर विसरणार नाही. त्याऐवजी त्याला ‘काइंडली’ आणि ‘रिक्वेस्ट यू टु’ ही सरकारी पत्राची सांगाडे-वाक्यं दिली जातात, ज्यांत अदब कमी आणि हुकूम जास्त ऐकू येतो.

‘म्हणे’चंही तसंच. आपण ऐकीव गोष्ट सांगताना जबाबदारी अंगावर न घेता ‘तो नोकरी सोडतोय म्हणे’ असं बोलतो. इंग्रजीत आपण ते ‘इट सीम्स’ जोडून भागवतो, आणि भारतात ते चालतंही. पण इंग्रजीत या एकाच जागेवर तीन वेगळी माणसं उभी आहेत. ‘अपॅरंटली’ म्हणजे ऐकलं आहे, हमी माझी नाही. ‘सपोझेडली’ म्हणजे सांगतात तसं, पण मला शंका आहे. ‘अलेज्डली’ म्हणजे आरोप आहे, सिद्ध झालेला नाही. हा कोर्टाचा आणि बातमीचा शब्द. तिन्ही शब्द रोजच्या वर्तमानपत्रात दिसतात. इंग्रजी-मराठी कोशात ‘अपॅरंटली’पुढे ‘वरवर पाहता, उघडपणे’ असं लिहिलेलं असतं. ते चूक नाही, पण तेवढ्यावरून हे ‘म्हणे’ आहे हे कुणाच्या लक्षात यावं?

इथं एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. छोट्या शब्दांत एवढं सामर्थ्य असेल तर सगळं सोप्या इंग्रजीत भागायला हवं होतं. तसा प्रयोग झालाही. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं: एकूण ८५० शब्द, त्यांत क्रियापदं फक्त १८. चर्चिलनी युद्धकाळात त्याची भलामण केली. तरी ते टिकलं नाही. का टिकलं नाही हे माझ्या म्हणण्याच्या बाजूनं बोलतं. ‘टॉलरेट’ वगळायचं म्हणून ‘पुट अप विथ’ घेतलं, तर यादीतले शब्द वाढत नाहीत, पण शिकणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं वाढतं. कारण ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ वेगवेगळे कळून ‘सहन करणं’ कळत नाही. ८५० शब्दांच्या पोटात हजारो अर्थ लपले होते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘रन’ या एका क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ नोंदले आहेत. तेव्हा ‘सोपं इंग्रजी बोला, पुरे आहे’ हा सल्लाही मला मान्य नाही. इंग्रजीचा सगळ्यात अवघड भाग हाच आहे. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो. तो रात्रीत पाठ होतो आणि म्हणूनच शिकवणीवाल्यांना सोयीचा पडतो. ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘वुड’ यांना वर्षं द्यावी लागतात.

दुसरा आक्षेप विद्यापीठातून येतो: घरगुती बोलणं ठीक, पण शोधनिबंधात तर भारी शब्द लागतातच. लागतात ते कोणते, हे मोजलेलं आहे. न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्याशाखांमधल्या लेखनाचा पस्तीस लाख शब्दांचा साठा तपासून ५७० शब्दकुटुंबांची यादी केली. नेहमीच्या दोन हजारांपलीकडचे, पण सगळ्या विषयांत फिरणारे असे हे शब्द, आणि अभ्यासलेखनाचा सुमारे दशांश मजकूर ते व्यापतात. त्यांत काय आहे? अॅनलाइझ, अझ्यूम, डिराइव्ह, सिग्निफिकंट. शिकलेल्या कुठल्याही माणसाला माहीत असलेले शब्द. निबंधाचा नेमकेपणा पुन्हा त्यांच्या तोलात असतो: पुरावा ‘सजेस्ट्स’ म्हणायचं, ‘शोज’ म्हणायचं की ‘प्रूव्ह्ज’. त्यातलं चुकीचं निवडलं तर परीक्षक निबंध परत पाठवतो, आणि ‘ऑब्फस्केट’ कितीही वेळा वापरलं तरी त्यानं वाचत नाही.

आता वाचनाचा मुद्दा. तो मी पूर्ण मान्य करतो. पॉल नेशन यांच्या २००६ च्या हिशेबानुसार इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोशाच्या आधाराशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं ओळखीची हवीत. बोलणं समजायला सहा ते सात हजार. म्हणजे ओळखीचे शब्द पुष्कळ लागतात. पण या आठ हजारांच्या मधल्या पट्ट्यात एक खजिना आहे आणि याद्या नेमका तोच ओलांडून पुढे जातात. शीपिश, वेअरी, स्मग, ग्रजिंग, विस्टफुल, फसी, ब्लंट. चूक पकडली गेल्यावर ओशाळून हसणारा माणूस शीपिश हसतो. नाइलाजानं केलेली स्तुती ग्रजिंग असते. स्वतःवर खूश असलेल्याचा चेहरा स्मग. रोजच्या माणसांच्या रोजच्या मनःस्थितीसाठी यांच्याइतके नेमके शब्द नाहीत. ते आखूड आहेत, जुने आहेत, कथा-कादंबऱ्यांत पानोपानी भेटतात. घोकंपट्टीची पुस्तकं त्यांना कमी लेखून ‘ल्युग्युब्रिअस’ आणि ‘पल्क्रिट्यूड’कडे धावतात. हे शब्द हवेतच, आणि ते कथेतल्या माणसाच्या चेहऱ्यासकट मिळायला हवेत. मायकेल वेस्ट यांनी ढाक्यात शिकवताना हेच पाहिलं होतं. १९२६ च्या बंगालविषयक ग्रंथात त्यांनी मुलांना आधी वाचता येऊ द्या असा आग्रह धरला आणि अपरिचित शब्दांनी लादलेली क्रमिक पुस्तकं बाजूला ठेवून ओळखीच्या शब्दांत गोष्टी लिहून दिल्या. नेहमीच्या सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. तिची मुळं बंगालच्या वर्गांत आहेत.

आपल्याकडे हा विषय निघाला की शशी थरूर यांचं नाव येतं. मे २०१७ मधल्या त्यांच्या एका ट्वीटमुळे ‘फरॅगो’ हा शब्द देशभर गाजला, आणि २०२० साली त्यांचं अनोख्या शब्दांचं ‘थरूरोसॉरस’ हे पुस्तकही आलं. मुलांनी त्यांच्याकडून उचलला तो हा शब्दांचा खेळ. पण ज्या भाषणानं थरूर यांचं नाव जगभर झालं ते २०१५ चं ऑक्सफर्ड युनियनमधलं वसाहतवादाच्या भरपाईबद्दलचं भाषण ऐकावं. ते रोजच्या शब्दांत आहे. शेवटी ते वर्षाला एक पौंड मागतात, दोनशे वर्षं. उपरोध, संयम आणि दोन शतकांचा हिशेब या सगळ्यांचं वजन त्या एका पौंडावर आहे, आणि ते मागताना त्यांनी एकही शब्द कोशातून काढलेला नाही.

त्याहून जवळचा दाखला आपल्या घरातला. अरुण कोलटकर मराठीतही लिहीत आणि इंग्रजीतही. त्यांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी संग्रह १९७६ साली पुस्तकरूपानं आला आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. देवळात जाणाऱ्या आणि देवावर विश्वास आहे की नाही हे स्वतःलाही नीट न सांगता येणाऱ्या माणसाची मनःस्थिती, याहून बारीक गोष्ट कोणती? श्रद्धा नाही, अश्रद्धाही नाही, टिंगल नाही, पण भाबडेपणाही नाही. पडझड झालेल्या मारुतीच्या देवळात कुत्रीनं पिल्लं घातली आहेत, एसटीची गाडी डोंगर चढते आहे, भटजी गिऱ्हाइकाची वाट पाहतो आहे. कोलटकरांनी हे सगळं इतक्या साध्या इंग्रजीत लिहिलं की दहावीचा विद्यार्थी बहुतेक शब्द ओळखेल. पण त्यांची जागा, त्यांचा क्रम, वाक्य कुठे मोडलं आहे, हे ओळखायला दहावी पुरत नाही. मराठी बोलणारा माणूस इंग्रजीत किती बारीक काम करू शकतो याचा इतका ठसठशीत पुरावा हाताशी असताना आपण मुलांना अमेरिकन प्रवेशपरीक्षेच्या याद्या देतो.

त्यातही तिकडच्या परीक्षांनीच आपली चाल बदलली आहे. जीआरईनं २०११ साली विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे सुटे प्रश्न काढून टाकले. एसएटीनं २०१६ साली दुर्मिळ शब्दांवरचा भर सोडून परिच्छेदातल्या संदर्भात अर्थ विचारायला सुरुवात केली. आपल्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेत मात्र समानार्थी, विरुद्धार्थी आणि ‘अनेक शब्दांबद्दल एक शब्द’ अजून येतात, आणि ती नोकरी हवी असलेल्या मुलाला याद्या कराव्याच लागतील. त्याला ‘करू नको’ म्हणायचा मला अधिकार नाही. त्याचं पोट त्यावर अवलंबून आहे. पण ती वही परीक्षेची म्हणून वेगळी ठेवावी. दुसऱ्या वहीत शब्द लिहू नयेत, वाक्यं लिहावीत: सिनेमातल्या भांडणात कुणी काय म्हणालं, परदेशी सहकाऱ्यानं पत्रात ‘नाही’ कसं सांगितलं, कथेतली आई मुलाला न रागावता कशी टोकते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं आपल्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवलं ते वाक्यांवर, याद्यांवर नाही. आणि पहिल्या वहीतला ‘पार्सिमोनिअस’ प्रत्यक्ष लेखात, बातमीत किंवा कुणाच्या तोंडी तीनचारदा भेटेपर्यंत काकांसाठी वापरू नये.